वळिवडे येथील निर्वासितांच्या हिवाळी लोकपरंपरा आणि कोल्हापूरचा यजमान समाज (१९४३–१९४८)

प्रस्तावना

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोल्हापूर संस्थानातील वळिवडे या गावाजवळ सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. १९४३ ते १९४८ एवढाच तिचा काळ. तिच्यात स्त्रिया आणि मुले यांचीच संख्या सर्वाधिक होती. या वसाहतीची राजकीय आणि मानवतावादी बाजू गेल्या काही वर्षांत बरीच प्रकाशात आली आहे. तिच्या सांस्कृतिक जीवनाकडे, विशेषतः हिवाळ्यातील सणांकडे मात्र इतिहासाच्या अभ्यासकांचे लक्ष त्यामानाने कमी गेले आहे.

हे निर्वासित 'पोलिश' म्हणून ओळखले गेले असले तरी त्यांच्यापैकी फार मोठा वर्ग ज्या मुलखातून आला, तो मुलूख आज पोलंडमध्ये नाही. ल्वूव, तार्नोपोल, स्तानिस्वावूव आणि व्होलिन हे तत्कालीन पोलंडचे पूर्वेकडील प्रांत आज बहुतांशी युक्रेनमध्ये मोडतात. ल्वूवला आज ल्विव आणि स्तानिस्वावूवला इव्हानो-फ्रांकिव्स्क म्हणतात. या प्रांतांतील खेड्यांमध्ये पोलिश आणि युक्रेनी कुटुंबे शेजारी राहत आणि त्यांच्या हिवाळी चालीरीती एकमेकींत मिसळलेल्या होत्या. त्यामुळे युक्रेनच्या भूमीवरील हिवाळी लोकपरंपरा महाराष्ट्राच्या मातीत येऊन पोहोचल्याचे हे एक महत्त्वाचे उदाहरण होय.

प्रस्तुत निबंधात तीन प्रश्नांचा विचार केला आहे. या परंपरांचे मूळ स्वरूप काय होते? बर्फ नसलेल्या परक्या प्रदेशात त्या कशा टिकल्या? आणि यजमान समाजाशी त्यांची जी देवघेव झाली, तिचे मोजमाप कोणत्या कसोटीवर करावे? तिसऱ्या प्रश्नाच्या विचारासाठी युक्रेनी हिवाळी गीताच्या परदेशप्रवासाचे एक समकालीन उदाहरण तुलनेला घेतले आहे.

विस्थापनाची पार्श्वभूमी

सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीने आणि पूर्वेकडून सोव्हिएत संघाने आक्रमण केले. सोव्हिएत ताब्यातील पूर्व प्रांतांतून फेब्रुवारी १९४०, एप्रिल १९४०, जून १९४० आणि जून १९४१ अशा चार लाटांमध्ये लोकांना मालगाड्यांत भरून सैबेरिया, उत्तर रशिया आणि कझाकस्तान येथे नेण्यात आले. सोव्हिएत दप्तरांवर आधारलेल्या अंदाजानुसार या लोकांची संख्या तीन लाखांहून अधिक होती. पहिली लाट १० फेब्रुवारी १९४० रोजी, म्हणजे ऐन कडाक्याच्या थंडीत निघाली. ज्या हिवाळ्याभोवती या समाजाची गाणी आणि मेजवान्या गुंफलेल्या होत्या, तोच हिवाळा त्यांच्या हद्दपारीचाही ऋतू ठरला.

जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केल्यावर परिस्थिती पालटली. ३० जुलै १९४१ रोजी लंडनमधील पोलिश सरकार आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि हद्दपार केलेल्यांना मुक्तता मिळाली. जनरल आंदेर्स यांच्या नेतृत्वाखाली पोलिश सैन्य उभे राहू लागले आणि त्या सैन्याच्या आश्रयाने स्त्रिया व मुलेही दक्षिणेकडे सरकली. १९४२ मध्ये मार्च–एप्रिल आणि ऑगस्ट अशा दोन टप्प्यांत सुमारे १ लाख १५ हजार सैनिक व नागरिक इराणमध्ये पोहोचले. उपासमार, विषमज्वर आणि हगवण यांमुळे वाटेत असंख्य माणसे दगावली.

इराणमधून या नागरिकांची पांगापांग झाली. काही पूर्व आफ्रिकेत, काही पॅलेस्टाइन व लेबनॉनमध्ये, काही मेक्सिकोत, तर काही न्यूझीलंडला गेले. भारतात नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ मध्ये बालाचडी येथे शेकडो पोलिश मुलांना, ज्यांत अनेक अनाथ होती, आश्रय दिला. कुटुंबांसाठी मोठ्या वसाहतीची गरज होती. त्यासाठी कोल्हापूरजवळील वळिवड्याची निवड झाली आणि १९४३ च्या मध्यापासून तेथे निर्वासितांचे गट येऊ लागले. १९४६ मध्ये बालाचडीचे शिबिर बंद झाल्यावर तेथील मुलेही वळिवड्यास आली. वसाहतीत बराकींच्या ओळी, चर्च, रुग्णालय, शाळा, सहकारी भांडार, नाट्यगृह आणि बालवीर पथके होती. आजारी व अशक्त व्यक्तींसाठी पाचगणी येथेही सोय करण्यात आली होती.

हिवाळी परंपरांचे मूळ स्वरूप

पूर्व युरोपातील खेड्यात हिवाळ्याचे तीन-साडेतीन महिने शेतीची कामे थांबलेली असत. पेरणी झालेली, जमीन बर्फाखाली आणि कणगीत मागील पिकाचे धान्य. अशा काळातील सणांमध्ये तीन सूत्रे प्रामुख्याने आढळतात. येणाऱ्या वर्षी पीक चांगले यावे ही प्रार्थना, गेलेल्या पूर्वजांचे स्मरण आणि घरोघरी फिरून शुभेच्छा देणे ही ती सूत्रे होत. ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वीच्या कृषिविधींवर पुढे ख्रिस्तजन्माची कथा बसविली गेली, असे लोकसंस्कृतीचे अभ्यासक मानतात.

पोलिश कॅथलिक कुटुंबात २४ डिसेंबरची संध्याकाळ, म्हणजे 'विगिलिया', हा सर्वांत महत्त्वाचा प्रसंग असे. दिवसभर उपवास करायचा आणि आकाशात पहिली चांदणी दिसल्यावर मुलांनी वर्दी दिली की सर्वांनी मेजाभोवती जमायचे. मेजावरील चादरीखाली थोडे वाळलेले गवत पसरलेले असे. प्रथम 'ओपवातेक' नावाची पातळ, खमीरविरहित, चित्रांकित पोळी प्रत्येकाने प्रत्येकाबरोबर मोडून खायची आणि ती मोडताना मागील वर्षातील रुसवेफुगवे विसरून शुभेच्छा द्यायच्या. त्यानंतर परंपरेने बारा, आणि सर्व मांसविरहित, पदार्थ वाढले जात. मेजावर एक पान अधिक मांडलेले असे. ते अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी किंवा जो परत येऊ शकला नाही त्याच्यासाठी असते, असे सांगितले जाई.

शेजारच्या युक्रेनी घरात हीच संध्याकाळ 'स्व्यात वेचिर' म्हणजे पवित्र सायंकाळ या नावाने साजरी होई. ग्रीक-कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स चर्च तेव्हा जुन्या ज्युलियन पंचांगाला धरून असल्याने ती ६ जानेवारीला येई. घराच्या कोपऱ्यात गव्हाच्या किंवा राईच्या ओंब्यांची पेंढी उभी केली जाई. तिचे नाव 'दिदुख' असून त्या नावात आजोबा-पूर्वज असा अर्थ आहे. पूर्वजांचे आत्मे या काळात पेंढीत वास करतात, अशी समजूत होती. १३ जानेवारीला, जुन्या पंचांगातील वर्षाच्या अखेरच्या संध्याकाळी, 'मलांका' नावाचा सोंगांचा खेळ निघे. बोकड, अस्वल, म्हातारा-म्हातारी अशी सोंगे घेऊन तरुण मुले घरोघर फिरत. नाताळची 'कोल्यादकी' आणि नववर्षाची 'श्चेद्रिवकी' अशी गीते दारोदार म्हटली जात आणि घरधनी गाणाऱ्यांना खाऊ वा नाणी देई.

या दोन्ही घरांना जोडणारा एक पदार्थ म्हणजे 'कूत्या'. सडलेले अखंड गहू शिजवून त्यांत वाटलेली खसखस, मध आणि सुकामेवा घालून तो केला जातो. युक्रेनी सायंकाळचा पहिला घास कूत्याचाच असतो. पोलंडच्या पश्चिम भागात हा पदार्थ फारसा प्रचलित नव्हता, पूर्व प्रांतांतील पोलिश घरांत मात्र तो विगिलियाच्या मेजावर हमखास असे. वळिवड्यास आलेली माणसे कोणत्या भूमीची होती, हे या एका पदार्थावरून स्पष्ट होते.

तथापि समान पदार्थ आणि समान गीते म्हणजे सलोखा, असा सरळ निष्कर्ष काढणे इतिहासाला धरून होणार नाही. दोन महायुद्धांच्या दरम्यान पोलिश राज्यसत्तेने युक्रेनी शाळा आणि संस्थांवर निर्बंध लादले होते. पुढे १९४३ मध्ये युक्रेनी बंडखोर सेनेने व्होलिन प्रांतात हजारो पोलिश ग्रामस्थांची कत्तल केली. पोलिश गटांच्या प्रतिहल्ल्यांत युक्रेनी ग्रामस्थही मारले गेले. त्याच १९४३ सालाच्या डिसेंबरात वळिवड्याची पहिली विगिलिया आली. मागे राहिलेल्या गावांत शेजाऱ्याने शेजाऱ्यावर शस्त्र धरले असताना त्या गावांची संध्याकाळ सह्याद्रीच्या पलीकडे मांडली जात होती. परंपरेचा विचार करताना ही पार्श्वभूमी दृष्टीआड करता येत नाही.

परक्या ऋतूत परंपरेचे जतन

कोल्हापूरचा डिसेंबर हा सुगीचा महिना असतो. ऊसतोड सुरू झालेली असते, गुऱ्हाळांच्या चुलाणांचा धूर आणि गुळाचा वास परिसरात भरलेला असतो, रात्री थंडी पडते पण दुपारी ऊन तापते. ल्वूवच्या अक्षांशावर डिसेंबर अखेरीचा दिवस जेमतेम आठ तासांचा असतो, तर कोल्हापूरचा अकरा तासांचा. म्हणजेच पहिल्या चांदणीची वाट मुलांना येथे अधिक वेळ पाहावी लागे. सूचिपर्णी वृक्ष, गोठलेली नदी, बर्फावरची घसरगाडी यांपैकी काहीही नव्हते. ज्या मुलांना १९४० मध्ये तीन-चार वर्षांची असताना घराबाहेर काढले गेले होते, त्यांना घरच्या नाताळची आठवणही नव्हती. त्यांना आठवत होता तो सैबेरियातील उपासमारीचा हिवाळा.

वसाहतीतील सणांचे खरे महत्त्व येथे दिसून येते. मोठ्यांच्या दृष्टीने ती आठवण होती, मुलांच्या दृष्टीने ते पहिलेच शिक्षण होते. शाळा, चर्च आणि बालवीर पथके या तीन संस्थांनी ते काम अंगावर घेतले. नाताळची गीते शाळेत शिकविली जात आणि चर्चमध्ये म्हटली जात. ख्रिस्तजन्माचे लोकनाट्य, ज्याला पोलिश भाषेत 'यासेवका' म्हणतात, मुलांच्या सादरीकरणाला सर्वांत सोयीचे होते. त्यात मेंढपाळ, तीन राजे, देवदूत, दुष्ट हेरोद राजा, मृत्यू आणि सैतान अशी ठळक पात्रे असतात आणि प्रत्येक गाव आपापली विनोदी पात्रे त्यात घालू शकते. युक्रेनी 'वेर्तेप' या बाहुल्यांच्या खेळाशी त्याचे जवळचे नाते आहे.

घटकद्रव्यांचा प्रश्न आश्चर्य वाटावे इतका सोपा होता. गहू, खसखस आणि मध या तिन्ही वस्तू कोल्हापूरच्या बाजाराला अपरिचित नव्हत्या. किंबहुना दक्षिण महाराष्ट्र आणि लगतच्या कर्नाटकात खपली गहू सडून, शिजवून, गूळ, खोबरे व खसखस घालून केली जाणारी गव्हाची खीर म्हणजे 'हुग्गी' हे सणासुदीचे पक्वान्न आहे. कूत्या आणि हुग्गी यांत परस्परांचा प्रभाव शोधण्याचे कारण नाही. गहू पिकविणाऱ्या दोन दूरच्या कृषिसमाजांनी नव्या-जुन्या धान्याचा सन्मान जवळजवळ एकाच रीतीने केला, एवढेच त्यातून दिसते. मात्र परक्या बाजारात आपल्या सणाचे सामान मिळणे ही निर्वासित गृहिणीच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हती.

अधिक मांडलेल्या पानाचा अर्थ मात्र येथे बदलला. मायदेशी ते पान बहुधा रिकामेच राही आणि संकेत म्हणून पुरे. वळिवड्यातील घरांमध्ये पती, पिता वा थोरला भाऊ आंदेर्स यांच्या सैन्याबरोबर इटलीच्या आघाडीवर होता, किंवा सोव्हिएत भूमीत गाडला गेला होता. म्हणून संकेताला प्रत्यक्ष नाव मिळाले.

यजमान समाजाशी देवघेव

देवघेव कोणत्या वाटांनी झाली, याचा विचार करताना कोल्हापूरचा समाज कसा होता हेही लक्षात घ्यावे लागते. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८९४ ते १९२२ या काळात, विविध जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे निघाली होती. वेगवेगळ्या चालीरीतींच्या लोकांनी एका नगरात राहण्याचा सराव या शहराला होता. ख्रिस्ती सणही येथे अगदी नवा नव्हता. अमेरिकन मिशनऱ्यांचे कार्य कोल्हापुरात १८५२ पासून सुरू होते आणि 'नाताळ' हा शब्द तर पोर्तुगीजांच्या संपर्कातून मराठीत केव्हाच रुळला होता. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती आशय कीर्तनाच्या अंगाने मराठीत मांडला होता. परंतु मिशनचा प्रॉटेस्टंट नाताळ आणि पूर्व युरोपातील शेतकऱ्याची विगिलिया यांत मोठे अंतर होते. गवत, ओंब्या, पूर्वज आणि सोंगे यांनी भरलेला हा सण मिशनच्या सणापेक्षा मराठी शेतकऱ्याच्या सणांना अधिक जवळचा होता.

देवघेवीची पहिली वाट बाजार आणि शेजार यांची होती. दूध, भाजीपाला, फळे, कापड आणि मजुरी यांच्या निमित्ताने आसपासच्या गावांतील माणसे वसाहतीत येत आणि वसाहतीतील स्त्रिया कोल्हापूरच्या पेठांत जात. मुलांनी कामापुरती मराठी उचलली. या वाटेने पूर्ण विधी पोहोचत नाही, पण आज त्यांच्याकडे सण आहे, आज ते सकाळपासून उपाशी आहेत, एवढे ज्ञान पोहोचते. उपवासाचा अर्थ महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

दुसरी वाट रंगमंचाची होती. लोकनृत्ये, समूहगीते आणि नाट्यप्रवेश यांना भाषेची अडचण कमी येते. पोलिश मुलांच्या पारंपरिक वेशातील नृत्यांचे कार्यक्रम यजमानांसमोर होत असत. बालाचडी येथे तर जामसाहेब स्वतः मुलांच्या कार्यक्रमांना उपस्थित राहत. पाहुण्यांसमोर परंपरा सादर करताना ती आधी नीट बसवावी लागते, तिचा अर्थ सांगावा लागतो आणि तो सांगण्यासाठी स्वतःला समजून घ्यावा लागतो. यजमान प्रेक्षकांच्या उपस्थितीमुळे निर्वासित मुलांचेच आपल्या परंपरेचे ज्ञान पक्के झाले, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

तिसरी वाट विचारांची होती. व्हांडा दिनोव्स्का (१८८८–१९७१) ही पोलिश विदुषी १९३५ मध्ये भारतात आली आणि उमादेवी या नावाने येथे वावरली. औंध संस्थानातील स्वराज्याच्या प्रयोगाशी संबंधित असलेले मॉरिस फ्रीडमन यांच्या सहकार्याने तिने १९४४ मध्ये पोलिश-भारतीय ग्रंथमाला सुरू केली. भारतीय धर्मग्रंथ आणि साहित्य पोलिश भाषेत नेणे, हे या मालेचे कार्य होते. निर्वासित मुलांना यजमान देशाची ओळख व्हावी, यासाठी तिने परिश्रम घेतले. यामुळे देवघेव एकतर्फी राहिली नाही.

या देवघेवीला मर्यादाही होत्या. विगिलियाचे मेज हे कुटुंबाचे मेज होते आणि चर्चमधील विधी श्रद्धावंतांपुरते होते. तत्कालीन मराठी समाजात पंक्तिव्यवहाराचे निर्बंध अजून सैल झालेले नव्हते. वसाहत ही प्रशासकीय नियमांनी बांधलेली होती. निर्वासितांना आपण लवकरच घरी परतणार असे १९४५ पर्यंत वाटत होते, त्यामुळे येथे मुळे धरण्याची निकड त्यांना भासत नव्हती.

तीळगूळ, भोगी आणि मलांका : साम्याचा अर्थ

मेहकर-डोणगावच्या परिसरापासून कोल्हापूरपर्यंत मकरसंक्रांतीला तीळगूळ देऊन गोड बोलण्याची विनंती केली जाते. ओपवातेक मोडताना रुसवे विसरण्याची रीत आणि तीळगूळ देताना मागील कटुता सोडण्याची रीत यांतील साम्य सहज ध्यानात येते. दोन्ही प्रसंगी खाद्यपदार्थ अगदी अल्प आणि त्यामागील बोल महत्त्वाचा असतो. पहाटे मोरपिसांची टोपी घालून दारी येणारा वासुदेव आणि चांदणीची काठी घेऊन दारी येणारे नाताळचे गायक, सर्वपित्री अमावास्येचे पान आणि दिदुखाची पेंढी, अशी आणखीही साम्ये दाखविता येतील.

तारखांचे साम्य अधिक रंजक आहे. मलांका १३ जानेवारीला येते आणि महाराष्ट्रात त्याच दिवशी बहुधा भोगी असते. परंतु हे साम्य योगायोगाचे आहे. ज्युलियन पंचांग ग्रेगोरियन पंचांगाच्या तेरा दिवस मागे पडल्यामुळे तिकडचे जुने नववर्ष १४ जानेवारीवर आले. भारतीय निरयन गणनेत संपातबिंदूच्या सरकण्यामुळे संक्रमण मूळच्या अयनदिनापासून दूर जात या तारखेपर्यंत आले. कारणे निराळी असूनही दोन्ही समाजांत जानेवारीचा मध्य हा उलटलेल्या वर्षाचा आणि येणाऱ्या पिकाचा दिवस झाला. अशी साम्ये एकमूलक उगमाचा पुरावा ठरत नाहीत. परका सण पाहताना यजमानाला तो अगदीच परका वाटत नाही, एवढे कार्य मात्र ती करतात.

एका गीताचा परदेशप्रवास : तुलनात्मक विचार

वळिवड्याच्या उदाहरणाचे वैशिष्ट्य समजण्यासाठी त्याआधीच्या एका युक्रेनी प्रयत्नाकडे पाहणे उपयुक्त ठरेल. मिकोला लेओन्तोविच या संगीतकाराने नववर्षाच्या एका पारंपरिक गीतावर 'श्चेद्रिक' ही समूहगानाची रचना केली आणि १९१६ च्या डिसेंबरात कीव्ह येथे ती प्रथम सादर झाली. पाकोळीसारखा एक चिमुकला पक्षी घरात येऊन घरधन्याला येत्या वर्षाच्या भरभराटीची वार्ता देतो, असा या गीताचा आशय आहे. १९१९ मध्ये नव्या युक्रेनी प्रजासत्ताकाच्या सरकारने ओलेक्सान्द्र कोशित्स यांच्या नेतृत्वाखाली एक गायकवृंद युरोपात पाठविला. युक्रेन हे स्वतंत्र राष्ट्र आहे हे युरोपला पटवून देण्यासाठी लोकगीतांचा आधार घेण्यात आला होता. ५ ऑक्टोबर १९२२ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी सभागृहात हे गीत गायिले गेले. तोपर्यंत ते प्रजासत्ताक लयाला गेले होते आणि स्वतः लेओन्तोविच जानेवारी १९२१ मध्ये सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या हस्तकाकडून मारला गेला होता.

१९३६ मध्ये पीटर विल्हुस्की यांनी या सुरावटीला नवे इंग्रजी शब्द दिले. त्यांत पाकोळी नव्हती, नाताळच्या घंटा होत्या. ही सुरावट जगभर लोकप्रिय झाली. दर डिसेंबरात ती दुकानांतून आणि चित्रपटांतून ऐकू येते. परंतु ती युक्रेनी आहे हे ऐकणाऱ्या बहुसंख्य लोकांना दीर्घकाळ ठाऊक नव्हते. यजमानांनी गीत घेतले आणि देणाऱ्याचे नाव मागे राहिले.

वळिवड्याच्या बाबतीत याच्या नेमके उलट घडले. कोल्हापुरात कोणतेही पोलिश वा युक्रेनी नाताळगीत लोकांच्या ओठी राहिले नाही. कूत्या येथील स्वयंपाकघरात शिरला नाही आणि पहिल्या चांदणीसाठी कोणी थांबत नाही. पण ती माणसे कोण होती, कोठून आली होती आणि का आली होती, हे मात्र कोल्हापूरच्या स्मृतीत राहिले.

वसाहतीचा शेवट आणि पुढील काळ

फेब्रुवारी १९४५ च्या याल्टा परिषदेत पोलंडची पूर्व सीमा पश्चिमेकडे सरकविण्यात आली. ल्वूव, तार्नोपोल, स्तानिस्वावूव आणि व्होलिन हे प्रांत बहुतांशी सोव्हिएत युक्रेनचा भाग झाले. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. वळिवड्यातील कुटुंबांपुढे आता परतीचा देश होता, पण परतीचे घर नव्हते. ज्या घरात विगिलियाचे गवत पसरले जाई, ते दुसऱ्या राज्यात गेले होते. १९४६ पासून काही कुटुंबे पोलंडला परतली, तर बरीच ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका अशा देशांत विखुरली. काही थोड्या स्त्रिया विवाह करून येथेच राहिल्या. १९४८ मध्ये वसाहत संपुष्टात आली.

वसाहतीच्या जागेवर फाळणीमुळे सिंधमधून आलेल्या निर्वासितांना वसविण्यात आले आणि ती वस्ती गांधीनगर या नावाने ओळखली जाऊ लागली. आज ती कापडाची घाऊक बाजारपेठ म्हणून प्रसिद्ध आहे. ज्या आवारात कोलेंडीचे सूर उमटले, त्याच आवारात पुढे सिंधी बांधवांचा चेटीचंड साजरा होऊ लागला. एका विस्थापित समाजाने मोकळी केलेली जागा दुसऱ्या विस्थापित समाजाला मिळाली.

पुढे लंडन येथे संघटित झालेल्या भारतातील माजी निर्वासितांच्या मंडळाने कोल्हापूरशी संबंध टिकविले. कोल्हापुरातील पोलिश दफनभूमी आणि महावीर उद्यानातील स्मारक ही त्या संबंधाची दृश्य चिन्हे आहेत. सप्टेंबर २०१९ मध्ये वळिवडे येथे स्मृतिस्तंभाचे अनावरण झाले, तेव्हा वृद्धापकाळातील काही माजी शिबिरवासी तेथे आले होते. २१ ऑगस्ट २०२४ रोजी भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सा येथील कोल्हापूर स्मारकाला अभिवादन केले. कोल्हापूरचे नाव पोलंडच्या राजधानीत कोरले गेले आहे.

या इतिहासाचे आणखी एक वळण २०२२ मध्ये आले. फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर पूर्ण आक्रमण केल्यावर लक्षावधी युक्रेनी स्त्रिया व मुले पोलंडमध्ये आली. त्याच सीमेवरून महाराष्ट्रातील वैद्यकीय विद्यार्थ्यांसह अनेक भारतीय विद्यार्थी 'ऑपरेशन गंगा' अंतर्गत मायदेशी परतले. ऐंशी वर्षांपूर्वी ज्या मुलखातील माणसांना कोल्हापूरने आसरा दिला, त्याच मुलखातील माणसांना आता पोलिश समाज आसरा देत होता. अधिक मांडलेल्या पानाची रीत दोन्हीकडे ठाऊक असल्यामुळे त्या पानाचा अर्थ कोणाला सांगावा लागला नाही. २०२३ मध्ये युक्रेनने कायदा करून नाताळ २५ डिसेंबरला साजरा करण्याचे ठरविले आणि तेथील प्रमुख चर्चसंस्थांनीही पंचांग बदलले. त्यामुळे एकेकाळी दोन आठवड्यांच्या अंतराने येणाऱ्या शेजाऱ्यांच्या दोन पवित्र संध्याकाळी अनेक घरांत आता एकाच दिवशी येतात.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, विस्थापित समाजाच्या सणांचे प्रथम कार्य यजमानांना काही देणे हे नसून स्वतःच्या मुलांना घडविणे हे असते. वळिवड्यातील मुलांना त्यांच्या भूमीचा हिवाळा कोल्हापूरच्या उन्हात शिकावा लागला आणि तो त्यांनी शिकला. दुसरा असा की, यजमानांसमोर केलेले सादरीकरण जतनाच्या विरोधात जात नाही. परक्याला समजावून सांगण्याच्या निमित्ताने परंपरा आपल्यालाच अधिक समजते.

तिसरा निष्कर्ष सर्वांत महत्त्वाचा आहे. लोकपरंपरेच्या देवघेवीचे यश केवळ यजमानांनी पदार्थ वा गीत उचलले की नाही यावरून ठरविता येत नाही. श्चेद्रिकची सुरावट जगाने घेतली, पण ज्यांची ती होती त्यांच्या संकटकाळी त्या ओळखीचा उपयोग फार अल्प झाला. कोल्हापूरने एकही सूर घेतला नाही, तरी तेथील कबरींची निगा राखली गेली आणि वृद्ध होऊन परत आलेल्या मुलांचे स्वागत झाले. निर्वासिताला यजमानाकडून हवे असते ते आपल्या सणाचे अनुकरण नसून आपल्या नावाचे स्मरण असते, असे या उदाहरणावरून म्हणता येईल.

महाराष्ट्रातही आज निरनिराळ्या प्रांतांतून कामधंद्यासाठी आलेली कुटुंबे आपापले सण घेऊन राहत आहेत. ऊसतोड कामगारांच्या पालांपासून शहरांतील बांधकामांवरील वस्त्यांपर्यंत त्यांचे सण साजरे होतात. त्या सणांत आपण सहभागी होऊ शकलो नाही तरी तो सण कोणता, तो कोणाचा आणि ती माणसे कोठून आली, एवढे जाणून घेणे यजमान समाजाच्या आवाक्यातील आहे. १९४३ च्या डिसेंबरात कोल्हापूरच्या परिसरातील सामान्य माणसांनी बहुधा याहून अधिक काही केले नसावे. तेवढ्यावर दोन देशांतील नाते आठ दशके टिकून राहिले आहे.